आधी कांदा, मग तुम्ही

निवडणूक जाहीर झाली की समलिंगी मतदाराला एक सल्ला घरपोच आणि फुकट मिळतो. ‘तुझं म्हणणं पटतं रे, पण आत्ता देशापुढे मोठे प्रश्न आहेत. पक्ष निवडताना इतकं वैयक्तिक होऊ नये.’

सल्ला देणाऱ्या काकांनी मागच्या खेपेला मत कशावर दिलं होतं? सोसायटीसमोरच्या पेव्हर ब्लॉकवर.

मोठे प्रश्न कोणते, हे पक्षागणिक बदलतं. एकाच्या मते संविधान धोक्यात आहे, दुसऱ्याच्या मते धर्म. दोन्हीकडचे भोंगे इतके जोरात, की ‘माझ्या जोडीदाराचं नाव रेशनकार्डावर घाला’ असं कुणी म्हटलं तर ते स्टेजपर्यंत पोचतच नाही. पोचलंच, तर वरून उत्तर येतं, ‘तुमचाही नंबर येईल.’

टोकन मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

एक मतदार घेऊ. घर निफाड तालुक्यात, नोकरी हिंजवडीत, मतदारयादीत नाव अजून गावचंच. वडिलांच्या चाळीत कांदा. पुण्यात ज्याच्याबरोबर त्याने संसार मांडलाय, त्याला गावाकडे ‘रूममेट’ म्हणतात. तिशी उलटली तरी पोरगा खोलीचं भाडं वाटून घेतो, किती काटकसरी, असं वर कौतुकही होतं.

२०२३ च्या ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव गडगडले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, आणि २० मे ला दिंडोरीत मतदान. आमच्या गड्याने कशावर मत दिलं असेल? कांद्यावर. त्याच्या बापाने? कांद्यावर. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. कांद्याने पाडल्या, असं जो तो म्हणाला.

‘एका पिकापायी देश विसरलात का’ असं शेतकऱ्याला कुणी विचारलं? विचारायची टाप नव्हती.

कांद्यामागे बाजार समिती आहे, संघटना आहे, रास्ता रोको आहे. चांदवडच्या चौफुलीवर ट्रक अडवले की मंत्रालयातले फोन वाजायला लागतात. आमच्या हिंजवडीकराने कुणाला अडवायचं? घरमालकाला? तोच ‘फक्त फॅमिली’ची पाटी लावून याला अडवून बसलाय.

तेव्हा कांद्यावर मत दिलं तर शेतकरी जागा झाला. आरक्षणावर दिलं तर समाज जागा झाला. महिन्याच्या पंधराशेवर दिलं तर बहीण लाडकी. आणि ज्याच्याबरोबर जन्म काढायचा, त्या माणसावर दिलं तर? स्वार्थी. एककलमी. शहरी. उच्चभ्रू.

यातले शेवटचे दोन शब्द सरकारी आहेत. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा केंद्राने लेखी कळवलं की ही सगळी शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. कळवलं अर्थात इंग्रजीत.

निफाडला कळू नये म्हणून असेल.

खरं तर ‘आधी हे, मग ते’ या वादाची मालकी मराठी माणसाकडेच आहे. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावरून टिळक-आगरकरांची मैत्री तुटली. १८८७ ला आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९१ ला संमतिवयाचं विधेयक आलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढीच काय ती क्रांती. टिळकांच्या बाजूचं म्हणणं असं, की परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये, आमच्या सुधारणा आमच्या आम्ही करू.

अकरा वर्षांच्या मुलीने तोवर काय करायचं होतं? स्वराज्याची वाट बघायची. फक्त छप्पन्न वर्षं.

१८९५ ला काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं, तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडवसुद्धा वापरू दिला नाही. राजकारणाच्या मांडवात असले विषय नकोत! सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. मांडव घालणारे बदलले, कापड बदललं, खुर्च्या प्लास्टिकच्या आल्या. पण आत कुणाला घ्यायचं, हे ठरवणारा दारावरचा माणूस अजून तोच असावा.

उलट जोतीराव फुल्यांनी १८७३ ला भटजीवाचून लग्न लावायला सुरुवात केली. तेव्हा देशापुढे मोठा प्रश्न नव्हता असं कोण म्हणेल? चांगले इंग्रज होते की! ते जाऊ देत, मग लग्नाचं बघू, असं काही जोतीराव म्हणाले नाहीत.

आणि १९३४ ला र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांचे प्रश्न आणि त्यांना कर्व्यांनी दिलेली उत्तरं, हा गुन्हा. त्या प्रश्नांत समसंभोगाबद्दलचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘माझ्यापुढे याहून मोठे प्रश्न आहेत’ असं म्हणण्याचा हक्क त्या घडीला देशात कुणाला असेल, तर तो याच माणसाला होता.

त्यांनी वकीलपत्र घेतलं.

इतिहास पुरे. दिल्लीचा हिशेब बघू, कारण मत तिथे जातं.

दिल्ली उच्च न्यायालयात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा खटला चालू होता, तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार. त्याचं गृहखातं म्हणत होतं कलम ठेवा, त्याचंच आरोग्यखातं म्हणत होतं काढा. आघाडी सरकार म्हणतात ते यालाच. २००९ च्या २ जुलैला उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले आणि दोन्ही खात्यांची सुटका केली.

मग आलं २०१३. त्या वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीची खुर्ची तत्काळ जाईल. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने त्यांना वाचवायला वटहुकूम तयार केला. राहुल गांधींनी त्याचे जाहीर वाभाडे काढले म्हणून तो मागे गेला, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केलं आणि वर सांगितलं, बदलायचं असेल तर संसदेने बदलावं. तेच सरकार. तीच संसद. सोनियाजी निराश झाल्या, राहुलजींना उच्च न्यायालयाचाच निकाल जास्त पटला, सरकारने फेरविचाराचा अर्ज केला.

दोषी आमदार-खासदारांसाठी वटहुकूम, समलिंगींसाठी निराशा.

भाजपचं तेव्हा बरं होतं. अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी सरळ सांगून टाकलं, हे अनैसर्गिक आहे, आम्ही कलमाच्या बाजूने. निदान मतदाराचा वेळ वाचला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या त्याच निकालात समलिंगींची संख्या अगदीच किरकोळ ठरवली होती. सरकारने न्यायालयात दिलेला आकडा होता पंचवीस लाख. पंचवीस लाख किरकोळ! आपल्याकडे पंचवीसशे मतांच्या गठ्ठ्यासाठी उमेदवार कुणाच्याही पाया पडतो. पण गठ्ठा दिसावा लागतो ना. हे पंचवीस लाख आपापल्या घरी लपून बसलेले, आणि लपायला लावलं कुणी? कलमाने. संख्या कमी म्हणून कलम ठेवा, आणि कलम आहे म्हणून संख्या कमी. हे गणित ज्याला सुचलं त्याला आयोगावर घ्यायला हवं.

मग १८ डिसेंबर २०१५. शुक्रवार. काँग्रेसचे शशी थरूर लोकसभेत उभे राहिले आणि ३७७ बदलण्याचं खाजगी विधेयक मांडायची परवानगी त्यांनी मागितली. मंजूर करा असं म्हटलं नव्हतं. नुसतं मांडू द्या. एरवी ही परवानगी म्हणजे उपचार असतो, आवाजी मतदानात पार पडतो. या वेळी विरोध झाला, मतं मोजली गेली. विरोधात ७१. बाजूने २४.

भाजपने पाडलं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जरा बेरीज करा. ५४३ जणांच्या सभागृहात शंभर डोकीही नव्हती. एकट्या काँग्रेसचे त्या लोकसभेत ४४ निवडून आले होते. त्यात डावे मिळवा, राष्ट्रवादी मिळवा, तृणमूल मिळवा, समाजवाद्यांच्या सगळ्या चुली मिळवा. आणि या साऱ्यांची मिळून मतं पडली २४. उरलेले पुरोगामी कुठे होते?

शुक्रवार होता. घरी निघाले असतील.

मार्च २०१६ मध्ये थरूरांनी पुन्हा तोच प्रयत्न केला. विरोधात ५८, बाजूने १४. तिसऱ्या खेपेला थरूर एकटेच उरले असते.

त्याच मार्चमधली संघाची प्रगती पाहा. दत्तात्रेय होसबाळे म्हणाले, समलैंगिकता हा गुन्हा मानू नये. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, गुन्हा नाही, पण सामाजिकदृष्ट्या अनैतिक, आणि मानसिक बाब. एका रात्रीत आरोपीचा रुग्ण झाला. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालकांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन सांगितलं, असे लोक आपल्याकडे पूर्वापार आहेत. मार्चमध्ये केंद्राने न्यायालयात सांगितलं, हे आपल्या कुटुंबपद्धतीत बसत नाही.

पुराणात जागा आहे. रजिस्ट्रारच्या कचेरीत नाही.

मधल्या काळात २०१८ ला ३७७ गेलं. सरकारने काय केलं? ‘न्यायालयाच्या विवेकावर सोडतो’ म्हणालं. ६ सप्टेंबरला न्यायालयाने विवेक वापरला आणि संमतीच्या संबंधांपुरतं कलम मोडीत काढलं. २०२३ ला विवाहाचा प्रश्न आला, तेव्हा तेच सरकार म्हणालं, न्यायालयाने विवेक वापरू नये, हा संसदेचा प्रांत. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने मान डोलावली. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. निदान नात्याला कायदेशीर मान्यता मिळावी का, यावर तीन विरुद्ध दोन. बाकीचं सरकारने समिती नेमून बघावं.

न्यायालय म्हणतं संसद, संसद म्हणते मांडूच नका, सरकार म्हणतं न्यायालय, मग न्यायालय म्हणतं समिती. तहसील कचेरीत निदान ‘उद्या या’ तरी म्हणतात.

याच खटल्यातला एक कागद मात्र प्रत्येक पुरोगामी मतदाराने चौकटीत लावावा असा आहे. केंद्राने राज्यांना पत्रं पाठवून मत विचारलं होतं. १० मे २०२३ ला केंद्राच्या वकिलांनी सांगितलं, सात राज्यांची उत्तरं आली. तीन राज्यांचा विरोध. आसाम, आंध्र प्रदेश आणि राजस्थान. आसामात भाजप, अपेक्षितच. आंध्रात जगन मोहन रेड्डी, ते सोयीप्रमाणे कुणाचेही. आणि राजस्थानात?

अशोक गेहलोत. काँग्रेस.

वर्ष सरायच्या आत, एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसचा जाहीरनामा आला. त्यात लिहिलंय, ‘व्यापक सल्लामसलतीनंतर’ अशा जोडप्यांच्या सिव्हिल युनियनला मान्यता देणारा कायदा आणू. सल्लामसलत कशाला? जयपूरशी झाली होती की!

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं वचन याहून सडेतोड आहे. ज्यांच्यावर वचन पाळायची वेळ येण्याची शक्यता कमी, त्यांचे शब्द नेहमीच स्वच्छ असतात. आणि भाजपच्या संकल्पपत्रात तृतीयपंथींसाठी गरिमा गृहं आहेत, ओळखपत्रं आहेत, आयुष्मान भारत आहे. चांगलंच आहे, कामाचं आहे. समलिंगी जोडप्यांवर मात्र चकार शब्द नाही. आशीर्वाद देणारे हात चालतात, एकमेकांत गुंफलेले नकोत.

सात राज्यांतलं आणखी एक उत्तर राहिलं. महाराष्ट्राचं. उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमबरोबर आपण कळवलं की विषय सखोल चर्चेचा आहे, लगेच काही सांगता येणार नाही. त्याला वर्षं लोटली. त्या पत्रानंतर दोन महिन्यांत एक पक्ष फुटला, मग सरकारात तिसरा वाटेकरी येऊन बसला, दोन निवडणुका झाल्या. ती सखोल चर्चा कुठल्या सभागृहात झाली, हे कुणाला आठवत असेल तर कळवावं.

फुटलेल्या पक्षाचं वाईट वाटतं. २०२० मध्ये राष्ट्रवादीने एलजीबीटी सेल काढला होता. सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ ला लोकसभेत समलिंगी विवाहाचं खाजगी विधेयकही मांडलं. मग पक्षाची दोन शकलं झाली. घड्याळासाठी भांडण झालं, नावासाठी झालं, कार्यालयासाठी झालं. सेल कुणाचा, यावरून निवडणूक आयोगापर्यंत कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

शिवसेनेचं तर विचारूच नका. १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ चित्रपट लागला, तेव्हा डिसेंबरात शिवसैनिकांनी थिएटरात तोडफोड केली आणि मुख्यमंत्री मनोहर जोशींनी त्यांची पाठ थोपटली. आता सेना दोन आहेत. त्या पाठथोपटीचा वारस कोण, यावर मात्र कुणीच हक्क सांगत नाही. सगळा वारसा घेतात, एवढाच सोडतात. सुधारणा म्हणायची का?

थांबा. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईच्या प्राइडला नेहमीचं ऑगस्ट क्रांती मैदान मिळालं नाही, कारण नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं पेटली होती. लोक आझाद मैदानात जमले. तिथे काहींनी त्याच आंदोलनातल्या शरजील इमामच्या बाजूने घोषणा दिल्या. एकावन्न जणांवर थेट राजद्रोहाचा गुन्हा. सरकार कुणाचं? शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस. संविधान वाचवणारे तिघंही.

आयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नाही म्हणून सांगितलं, आणि चळवळीत घरातल्या घरात जुंपली. एक म्हणाले, आपल्या मोर्चात आपलाच विषय ठेवा, बाकीचं राजकारण बाहेर. दुसरे म्हणाले, ज्या पारलिंगी पोरीला बापाने घराबाहेर काढलं, तिने नागरिकत्व सिद्ध करायला बापाचा कागद कुठून आणायचा? मग तो विषय आपला नाही कसा?

दोघंही बरोबर. फक्त दुसऱ्याच्या प्रश्नाला पोलिसांनी आधी उत्तर दिलं.

म्हणून ‘सगळ्या समलिंगींनी अमुक पक्षालाच मत द्यावं’ म्हणणाऱ्यांनाही जरा चिमटा काढायला हवा. समलिंगी माणूस उजवा असतो, कट्टर असतो, राममंदिराच्या वर्गणीची पावती जपून ठेवतो. याचा धक्का फक्त डाव्यांना बसतो. दलित वस्तीतल्या पोराला जातीचा प्रश्न आधी सोडवायचा असतो, कारण खोली नाकारणारा आडनाव आधी विचारतो, बाकीचं नंतर. वंचित बहुजन आघाडीने २०२४ ला रावेरमधून शमिभा पाटील या पारलिंगी कार्यकर्तीला विधानसभेचं तिकीट दिलं. कॅफेत बसून ‘हाच एक मुद्दा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना रावेर कुठे आहे ते माहीत होतं?

एका माणसाच्या खिशात चार मुद्दे असू शकतात. राजकीय पक्षांच्या खिशात चाळीस असतात, त्याबद्दल कुणी त्यांना एककलमी म्हणत नाही.

पण मुद्द्यांची उतरंड लावायची वेळ मुळात येते कधी? तिजोरीत पैसा कमी असतो तेव्हा. लाडकी बहीण योजना जाहीर झाली, तेव्हा वर्षाचा खर्च सांगितला गेला ४६ हजार कोटी. तिथे ठीक आहे, धरण आधी की बहीण आधी, भांडा. दोन माणसांच्या नात्याची नोंद करायला काय लागतं? एक रजिस्टर, एक शिक्का, दोन साक्षीदार. पाणी लागत नाही, वीज लागत नाही, हमीभाव लागत नाही. या नोंदीमुळे कांद्याचा भाव एका पैशानेही पडत नाही.

मग ही रांग कसली?

वेळ नाही म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये, विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित असताना, याच संसदेने इंग्रजांची अख्खी दंडसंहिता एका अधिवेशनात बदलली. बदलताना ३७७ पूर्णच गाळलं. ऐकायला झकास. पण २०१८ नंतर त्या कलमात उरलं काय होतं? मुख्यतः जबरदस्ती झालेल्या पुरुषांचं आणि पारलिंगींचं संरक्षण. संसदीय समितीने ते ठेवा म्हणून सुचवलं होतं, तेही गेलं. हक्क द्यायचा तर सखोल चर्चा. संरक्षण काढायचं तर एक अधिवेशन पुरतं.

मोठ्या निर्णयांना स्थिर सरकार लागतं, असंही सांगतात. नेपाळात सरकार कधी बदललं हे नेपाळ्यांनाही पेपर उघडून बघावं लागतं. तिथे २०२३ च्या नोव्हेंबरात पहिल्या समलिंगी विवाहाची नोंद झाली.

न्यायालयाने सांगितलेल्या आमच्या समितीनेही काही दिलं, नाही असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थखात्याने कळवलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आडकाठी नाही. आडकाठी आधी तरी होती का? नव्हती. जे होतं तेच सरकारने दिलं, याला प्रशासकीय कौशल्य लागतं. रेशनकार्डासाठी एकाच घरातले समजा, असंही पत्र गेलं. आणि आरोग्यखात्याने राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा.

म्हणजे आधी नातेवाईक नसावेत, मग माणूस मरावा, मग तुमचा नंबर.

जिवंत माणसाचं काय? आमच्या निफाडच्या गड्याचं रात्री दोन वाजता अपेंडिक्स दुखायला लागलं असं समजा. रूममेट त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो, डिपॉझिट भरतो, आधीचे रिपोर्ट काढून देतो, कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे ते सांगतो. मग समोर संमतिपत्रक येतं. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात तो ‘मित्र’ लिहितो. काउंटरवरच्या ताई चष्म्यावरून बघतात. ‘घरचं कुणी नाही का?’ घरचा म्हणजे निफाडचा भाऊ. त्याला याच्या रक्तगटाचा पत्ता नाही, पण सही त्याची चालते. तो पहाटेची एसटी धरून येईपर्यंत डॉक्टर, ताई आणि अपेंडिक्स तिघांनीही थांबायचं.

वर आयकरही आहेच. जोडीदाराला वर्षात पन्नास हजारांहून जास्त भेट दिली की घेणाऱ्याला कर, कारण कायद्याच्या लेखी तो परका. नवरा-बायकोला तो लागत नाही. यावर मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका जोडप्याने दाद मागितली आहे. संस्कृती म्हणते तुमचं नातंच नाही, आणि आयकर म्हणतो, म्हणूनच भरा.

उत्तराखंडाची तऱ्हा आणखी न्यारी. तिथला समान नागरी कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना नोंदणीची सक्ती, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. समलिंगींना? नोंदणीची सोयच नाही. ज्यांना नोंद नको त्यांच्यामागे पोलीस, ज्यांना हवी त्यांना दार बंद.

समान नागरी कायदा देशभर येईल तेव्हा येवो, समान नागरी विरोध कधीच आला आहे. ३७७ वाचवायला सर्वोच्च न्यायालयात एक ज्योतिषी गेले, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड गेलं, ख्रिस्ती चर्चची संघटना गेली, बाबा रामदेवांच्या गोटातलेही गेले. सर्वधर्मसमभावाचं इतकं सुंदर चित्र गांधीजींच्या प्रार्थनासभेनंतर बघायला मिळालं नव्हतं. २०२३ ला वकिलांच्या बार कौन्सिलने तर ठराव करून सांगितलं, देशातले ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक विरोधात आहेत. कधी मोजले?

बरं, दिल्लीकडे बोट दाखवणाऱ्या आपल्या राज्यातल्या पक्षांना एक आठवण. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे विधानसभेलाही कायदा करता येतो. तमिळनाडूने १९६७ साली भटजीवाचून लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता देणारा कायदा केला, दिल्लीची वाट बघत बसलं नाही. ज्या महाराष्ट्रात जोतीरावांचा सत्यशोधक विवाह जन्माला आला, तिथे मलबार हिलवर बंगले वाटून झाले की कायदे करायला माणसं उरत नाहीत.

सुळेबाईंनी विधेयक मांडलं, तेव्हा त्यांचा पक्ष मुंबईत सत्तेत होता. विधेयक मांडलं दिल्लीत, जिथे सत्ता नव्हती. स्वातंत्र्यानंतर संसदेत खाजगी विधेयकांचे कायदे झाले चौदा. शेवटचा १९७० साली. जिथे होऊ शकतं तिथे बोलायचं नाही आणि जिथे होणार नाही तिथे तळमळायचं, याला संसदपटुत्व म्हणतात.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार कोपरा सभेला आला की जाहीरनाम्याचं पान उघडू नका. तो ते वाचून आलेला नसतो. राज्याचा असेल तर विचारा, त्या ‘सखोल चर्चे’चं पुढे काय झालं? दिल्लीचा असेल तर एवढंच विचारा, साहेब, शुक्रवारी दुपारी सभागृहात असता का?

तो छातीला हात लावून सांगेल, शुक्रवारी दुपारी मी कायम मतदारसंघात असतो. तुमच्याचसाठी.